तारा टिंबावानी

दुर्बिणीला कॅमेरा लावला की रामटेके मॅडम अख्ख्या गच्चीला दम भरत. "हालू नका रे! गच्ची हालली का तारा हालते." मग श्वास रोखून फोकसची चकती केसभर फिरवत. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला चिरा पाडून त्यांनी एक झाकण केलं होतं. ते दुर्बिणीच्या तोंडावर बसवलं की कॅमेऱ्याच्या पडद्यावर ताऱ्याला तीन किरण फुटत. मधला किरण बरोबर मध्यावर येईपर्यंत त्या कुणाचं ऐकत नसत. "तारा टिंबावानी आला पाहिजे, लाडवावानी नाही."

मी लातूरकडचा, आठवीत शाळा सोडलेला. मोहाडीच्या राईस मिलमध्ये कामाला आलो आणि या निवृत्त विज्ञान शिक्षिकेच्या घरी भाड्याने राहिलो. जेवणाची सोय लागेपर्यंत त्यांनीच मला जेवू घातलं. शिकलेल्या माणसांसमोर मला घाम फुटतो. त्यांच्यासमोर जरा कमी फुटायचा, इतकंच.

एका संध्याकाळी त्यांची बोटं आखडली होती. म्हणाल्या, "कॅमेरा मंग लावू. आधी तू डोळा लावून चंद्र साफ कर." मी चकती फिरवली. खड्ड्यांच्या कडा लख्ख दिसल्या. मॅडम वाकल्या. "काय रे बाबू, हा तं लाडू केला तू!" त्यांनी नीट केलं, मला धूसर दिसलं. मी फिरवलं, त्यांनी परत फिरवलं. मग त्या हसायच्या थांबल्या.

"त्या पाण्याच्या टाकीवर काय लिहिलं आहे?"

"टाकीवर लिहिलेलं असतं?"

"शाळा काहून सोडली होती?"

"डोक्यात शिरत नव्हतं."

"फळा दिसे का तुले?"

"मागून कुणालाच दिसत नाही, असं वाटायचं. बाकीचे हुशार, म्हणून ओळखतात."

बोलून गेलो आणि लाजेने मान वर होईना. एवढा बाप्या माणूस मी, आणि हे आता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच भंडाऱ्याला नेऊन मला चष्मा करून दिला. पाया पडायला वाकलो तर मागे सरल्या. "नको रे. लाज तुले कायची? जिंदगीभर मी फळ्यापाशी उभी राहिली. मागच्या बाकावरून तो कसा दिसते, एक डाव जाऊन नाही पाह्यलं. किती पोरांना ढ म्हटलं असंन मी!"

त्यानंतर फोटो कमी झाले. दुपारचा चंद्र दाखवायला त्या गावोगावच्या शाळांत जाऊ लागल्या. प्रत्येक पोराला चकती स्वतः फिरवू देत आणि त्याच्यामागून आपला डोळा लावत. कुणाचा लाडू निघाला की गुरुजींना हळूच बाजूला घेत.

मागच्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. दुर्बीण माझ्याकडे आली. परवा भीतभीतच ती आसगावच्या शाळेत नेली. रांगेतली एक मुलगी चकती फिरवून म्हणाली, "मस्त दिसून राहिला!" तिच्यामागून मी चष्म्यातून पाहिलं. सगळं धूसर.

सर शेजारीच उभे होते. आठवी शिकलेल्याने त्यांना काय सांगायचं? मी पुढच्या पोराला बोलावलं. आणखी दोघं-तिघं पाहून गेली. ती मुलगी वर्गाकडे चालली होती, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"सर, ती मुलगी कोणत्या बाकावर बसते?"