ज्याचं सामान त्यानंच उघडावं

माझ्या नणंदेला तिच्या कारखान्यातल्या बायका फौजदार म्हणायच्या. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते माहीत होतं, आणि मला विचाराल तर आवडतही होतं. पितळी नळ बनवणारा कारखाना तो. सुटीचा भोंगा झाला की ही फाटकाशी उभी राहायची आणि घरी निघालेल्या बायकांच्या पिशव्या बघायची. कुणाच्या डब्यात तोटी आहे, कुणाच्या छत्रीत काय खुळखुळतंय, हे तिला म्हणे नुसत्या चालण्यावरून कळायचं.

एक मात्र होतं. दुसऱ्याच्या पिशवीला ती बोट लावायची नाही. हात पाठीमागे बांधून उभी राहायची आणि एवढंच म्हणायची, "उघड." नोकरीला नवीन असताना तिनं एकीच्या पिशवीत हात घातला होता. आतून तोटी निघाली, तर त्या बाईनं उलट हिच्याच नावानं बोंब मारली की ती हिनंच आत टाकली. नोकरी जाता जाता वाचली. तेव्हापासून हिनं कानाला खडा लावला. ज्याचं सामान त्यानंच उघडावं. फाटकावर हा नियम शहाणपणाचा असेल, घरात मात्र डोक्याला ताप होता. मी भाजीचा डबा पाठवला तरी "झाकण तूच काढ" म्हणायची. जणू मी त्यात विंचू घालून आणलाय.

तिनं घर घेतलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या सासऱ्यांना झाला. बाबा पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पलंगापासून संडासापर्यंत न्यायचं तर मी आणि नवरा दोघंही लागायचो. बाबांचं मागणं एकच होतं. अंगणात बसायचं आणि येणारीजाणारी माणसं बघायची. नणंदेचं घर तळमजल्यावर. पुढची खोली तिच्या नवऱ्याला आणि मुलाला, आणि मागची, अंगणात उघडणारी, संडासाला लागून असलेली खोली बाबांना, असं ठरून गेलं होतं.

किल्ल्या घ्यायला मीही गेले होते. जुना मालक आलाच नव्हता, त्याच्या वतीनं दलाल आला. बाकी घर झाडून पुसून लख्ख, पण मागच्या खोलीत सामान तसंच. भिंतीला एक उंच लोखंडी कपाट, आणि बाजूला ताडपत्रीत गुंडाळून दोरीनं करकचून बांधलेले तीन गठ्ठे. एक तर चांगला माणसाएवढा लांब. दलालानं कान खाजवत सांगितलं, राहू द्या म्हणाले, कामाचं सामान आहे. नणंदेनं विचारलं, कुणाच्या कामाचं? ते त्याला माहीत नव्हतं.

कपाटाची किल्ली कपाटालाच होती. मी सहज हात पुढे केला, तर हिनं माझं मनगट धरलं.

"किल्ली लावून ठेवलीय, म्हणजे आपण उघडावं अशीच त्याची इच्छा आहे," ती म्हणाली. "उद्या येईल आणि म्हणेल, आत दागिने होते. मग?"

मला हसू आलं. पण खोटं कशाला बोलू, घरी जाताना माझ्याही मनात पाल चुकचुकली. एवढं निगुतीनं बांधलेलं सामान कुणी फुकट कशाला सोडून जाईल?

तिनं मालकाला फोन लावला, तो बंद. दलालाकडून दुसरा नंबर घेतला, तोही लागेना. मुलीकडे राहायला गेलाय, एवढंच कळलं, कुठल्या गावी ते नाही. त्यात शेजारणीनं तेल ओतलं. मागच्या खोलीची खिडकी कायम बंद असायची, आतून एका बाईचा आवाज यायचा, कधी हाका, कधी रडणं, पण ती बाई कुणाच्या दृष्टीस पडली नाही, असं तिनं आवाज खाली आणून सांगितलं. झालं. नणंदेनं कारखान्यातून तार आणि शिशाचं सील आणलं, मालाच्या ट्रकला लावतात तसलं, आणि मागच्या खोलीच्या कडीला ठोकून टाकलं. साक्षीदार म्हणून मला उभं केलं.

माझ्या नवऱ्यानं सांगून बघितलं, सामान अंगणात काढून ठेवू. ती म्हणाली, हलवलं म्हणजे हात लागला. तिच्या नवऱ्यानं भंगारवाल्याचं नाव काढलं, तर तिनं त्याच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्यानं पुन्हा ब्र काढला नाही. शेवटी एकदा मीच चिडून म्हटलं, सील मी तोडते, काय व्हायचं ते होऊ दे.

"तोड," ती म्हणाली. "मग तू चोर आणि मी साक्षीदार."

तिच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि वाईट हे, की ती बोलायची त्यात चूक काढता यायची नाही. खरंच कुणी येऊन आळ घेतला असता तर आम्ही काय करणार होतो?

इकडे बाबा वाट बघत होते. लेक भेटायला आली की पहिला प्रश्न, खोली झाली का रिकामी? ती त्यांचे पाय चेपत सांगायची, त्या माणसाला एकदा येऊ द्या बाबा, त्याच्याच हातानं उघडून घेते, मग तुम्हाला नेते. बाबा मान हलवायचे. त्यांना तिच्या हुशारीचं कौतुक होतं. मला म्हणायचे, तिला कुणी फसवू शकणार नाही. पडून पडून त्यांच्या पाठीला जखमा झाल्या. मी औषध लावायचे, कूस बदलायचे, मनातल्या मनात नणंदेला शिव्या घालायचे. ती यायची, जखमा बघायची, डोळे पुसायची आणि परत जाऊन सील शाबूत आहे का ते तपासायची. थंडी सुरू झाली आणि बाबा गेले. आमच्याच घरात, तिसऱ्या मजल्यावर. जिना उतरले ते चौघांच्या खांद्यावरून.

त्यानंतर खोलीचा विषय तिनं काढला नाही, आम्हीही नाही. सील मात्र तसंच होतं.

काही आठवड्यांनी मी बाबांच्या वस्तू तिला द्यायला गेले. चष्मा, छोटा रेडिओ, एक शाल. पिशवी पुढे केली तर तिनं सवयीनं हात पाठीमागे घेतले. मला इतका संताप आला की पिशवी तिथेच आपटून निघून जावंसं वाटलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात साठीचा, हडकुळा माणूस, हातात कापडी पिशवी. मी इथेच राहायचो, तो मला म्हणाला. नणंदेनं त्याला लगेच ओळखलं आणि नखशिखान्त न्याहाळलं. मला वाटलं, आता हिच्या अंगात वारं शिरणार. ती दार अडवून उभी राहिली. इतके दिवस कुठे होता, फोन का बंद, सामान का सोडलं, असे एकामागून एक प्रश्न विचारत सुटली. तो गोंधळून गेला. फोन प्रवासात हरवला, एवढंच कसंबसं म्हणाला.

"पिशवीत काय आहे?" तिनं विचारलं. "उघडा."

त्यानं निमूटपणे पिशवी उघडली. आतून एक उशी निघाली. गोल, मधे मोठं भोक असलेली, धुऊन इस्त्री केलेल्या अभ्र्यातली.

"ही तेवढी राहून गेली होती," तो म्हणाला. "धुवायला टाकली आणि चुकून माझ्या सामानात गेली. चाकाच्या खुर्चीवर ठेवायची. ही नसली की बसून बसून जखमा होतात हो. या गावात काम निघालं, म्हटलं देऊन यावी."

नणंद दारातून बाजूला झाली. मीच त्याला आत बोलावलं आणि बसायला सांगितलं. मग तो मोकळा झाला. त्याची आई त्या खोलीत कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं डोकं ठिकाणावर नसायचं, उजेड सोसायचा नाही. ती गेल्यावर तो सगळं विकणार होता. पण घर बघायला आलात तेव्हा तुम्ही म्हणालात, ही खोली वडिलांना, असं तो नणंदेला म्हणाला. म्हणून मग काहीच विकलं नाही. डोक्याकडून वर होणारा पलंग सुटा करून बांधला, खुर्चीला नवीन रबर घातलं, संडासाची खुर्ची, वॉकर, कपाटात चादरी आणि मेणकापडं. किल्ली शोधत बसायला नको म्हणून कपाटालाच ठेवली. दलालाला सांगितलं होतं मी, तो म्हणाला.

"झाला ना उपयोग?" त्यानं विचारलं.

मी नणंदेकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. उशी तिच्या मांडीवर होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची वस्तू तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मला तिची इतकी दया आली की तोंड उघडलं असतं तर मीच रडले असते.

"झाला," ती म्हणाली. "खूप झाला."

त्याला बरं वाटलेलं दिसलं. मागच्या खोलीकडे जायच्या बोळाला पडदा होता, तिकडे बघत तो जरा पुढे सरकला. "आहेत का? नुसतं भेटून जातो."

हजारो बायकांचं खोटं चालण्यावरून ओळखणारी माझी नणंद मान खाली घालून म्हणाली, "झोपलेत. आत्ताच डोळा लागलाय."

त्यानं लगेच आवाज खाली आणला. उठवू नका, म्हाताऱ्या माणसाला झोप महत्त्वाची, असं कुजबुजला. मी चहा विचारला, त्यालाही हातानंच नको म्हणाला. दाराशी काढलेल्या चपला हातात घेऊन तो अनवाणीच बाहेर पडला. पुढच्या वेळी ते जागे असताना येईन, असं हळूच सांगून त्यानं दार ओढून घेतलं, कडी वाजू न देता.

तो गेल्यावर नणंदेनं मला विचारलं, चाकाची खुर्ची उलगडता येते का. मी म्हटलं, येईल, बघू. आणि मग माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघीही अजून कुजबुजतच बोलत होतो.