तिसरं टेबल

मतदानाच्या दिवशी भुईगावच्या शाळेबाहेर पक्षांची टेबलं लागत. तिथून यादीतल्या आपल्या क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि आत जायचं. कोण कुठल्या टेबलाशी थांबलं, यावरून माणूस कोणाचा ते गाव ठरवून मोकळं होई. त्या वर्षी दोन मोठ्या पक्षांच्या टेबलांभोवती झुंबड होती. तिसऱ्या टेबलावर माझे बाबा एकटे.

आमची केळीची वाडी होती. आसपासच्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींना जाऊ लागलं, तसं आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. टँकर बंद करा म्हणणारा उमेदवार एकच, एका चिमुकल्या पक्षाचा निवृत्त मास्तर. त्याच्यासाठी बाबांनी चपला झिजवल्या. विहीर गेली तर वाडी गेली, एवढं साधं गणित होतं, पण ते कोणाला करायचंच नव्हतं.

दुपारी मी डबा घेऊन गेले. शेजारचा एकजण वाकून बाबांना म्हणाला, "काका, मत तुम्हालाच. चिठ्ठी तेवढी तिकडून घेतो, बघताहेत सगळे." सकाळपासून सगळे हेच सांगून जात होते आणि बाबा खूश होते. मला मात्र संताप येत होता.

आईनं आणि मीही चिठ्ठी मोठ्या टेबलावरूनच घेतली. पतपेढीतली माझी नोकरी ज्यानं लावून दिली, तोच तिथं बसला होता. बाबांनी पाहिलं आणि नजर वळवली.

"तुमचं मत झालं?" मी विचारलं.

"टेबल सोडून कसा जाऊ? रिकामं दिसलं तर हसतील. गर्दी ओसरली की जातो."

गर्दी संध्याकाळपर्यंत ओसरली नाही. मग शाळेचं फाटक बंद झालं आणि बाबांचं मत राहून गेलं. जन्मात पहिल्यांदाच.

निकालाच्या दिवशी केंद्रवार आकडे कळले. आमच्या केंद्रावर मास्तरांना मत पडलं होतं एक.

बाबा ओटीवर बसले होते. मला म्हणाले, "तुझ्या नोकरीचा प्रश्न होता, तुला काही म्हणत नाही." आणि आईकडे वळून, "तू होतीस म्हणून शून्य तरी झालं नाही गं."

ते मत माझं होतं. मी तोंड उघडणार, तोच आईचा चेहरा दिसला आणि मी गप्प बसले. नंतर मोरीत भांडी घासताना ती हळूच म्हणाली, "तुझी नोकरी लावून दिली, त्यांना मताचा शब्द दिला होता मी. दिलेला शब्द मोडवेना." म्हणजे माझा मिंधेपणा तिनं फेडला होता, आणि त्याच मोकळीकीवर मी स्वाभिमानानं बटण दाबून आले होते. मला स्वतःची आणि सगळ्या गावाची किळस आली.

दोन उन्हाळ्यांत विहीर पुरती खारट झाली. केळी करपल्या. मग आम्हीही टँकर मागवू लागलो. त्या एका मताची गोष्ट बाबा येईल त्याला सांगत, त्यात आईचं कौतुक असे. टँकर दारात लागला की पहिली कळशी ते स्वतः भरून आईच्या हातात देत. आई ती मान खाली घालून घेई आणि आत निघून जाई.