भिजत घोंगड्याचं दुसरं टोक

चि. मीरा आणि ओंकार,

परवा आपण सगळे फोनवर बोलत असताना तुमची आई मीराला म्हणाली, "पीएचडीच्या प्रवेशाचं भिजत घोंगडं ठेवू नकोस." तुम्ही दोघं हसलात. "घोंगडं कोण भिजवतं?" असं ओंकारनं विचारलं. त्याचं उत्तर मीराच्या जन्माशी जोडलेलं आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

नव्वदच्या दशकात बारामतीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे आणि माझे सहकारी तात्या मराठी. तात्या कन्हेरीचे, मेंढपाळाच्या घरातले. कुणी एखादा वाक्प्रचार वापरला की ते त्याला तिथंच अडवत. एकदा एक शिक्षक कुरकुरले, "या वर्गानं मला वेठीस धरलंय." तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वेठ म्हंजी बिनपगारी सक्तीची राबणूक. तुमाला पगार हाय न्हवं? मग उठा, वर्गावर जा!"

त्यांची काही स्पष्टीकरणं ऐकीव असत. मी शंका काढली की म्हणत, "बाई, त्यातनं काय घ्यायचं त्ये बघा."

तुमच्या आईला कळा सुरू झाल्या तेव्हा तात्यांनीच आम्हाला जीपमधून दवाखान्यात नेलं. दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाळाचे ठोके मंदावत होते. लगेच सिझेरियन करायला हवं होतं, घरच्यांची सही हवी होती. तुमचे बाबा इंदापूरहून एसटीनं निघाले होते. तेव्हा मोबाइल नव्हते. गाडी कुठवर आली, कळायला मार्ग नव्हता.

मी पेन उचललं. तुमच्या इंदापूरच्या आजीनं, म्हणजे बाळंतपणासाठी आधीच आमच्याकडे आलेल्या माझ्या विहीणबाईंनी, माझं मनगट धरलं. "माझा ल्योक येऊ द्या. काय इपरीत झालं तर त्याला काय सांगू?"

लेक माझी होती, पण सून त्यांची. पेन हवेतच राहिलं. आत ऑपरेशनच्या भांड्यांचा आवाज झाला आणि थांबला.

दाराशी उभे असलेले तात्या पुढे आले. "आक्का, घोंगडं धुतलंय का कधी?"

"मास्तर, ही काय तुमची शाळा न्हाय!"

"धुतलंय का?"

"धुतलंय की. आमची बी मेंढरंच व्हती."

"भिजत ठिवलं तर?"

"जड व्हतं. कुबट वास मारतो."

"मग पिळायचं कसं?"

विहीणबाईंचा माझ्या मनगटावरचा हात सैल झाला. "दोघी लागत्यात," त्या हळूच म्हणाल्या.

"मग धरा की दुसरं टोक."

मी सही केली. त्याखाली विहीणबाईंनी एकेक अक्षर जुळवत आपलं नाव लिहिलं. दार बंद झालं. आम्ही तिघंही त्या दाराकडे बघत बसलो. मग मीरा, तू रडलीस. तात्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं उगाचच पुसत राहिले. तुमचे बाबा पोचले तेव्हा तू दुपट्यात गुंडाळलेली होतीस.

तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. पण आमच्यापैकी कुणाचं काही अडलं, की इंदापूरच्या आजी अजूनही फोन करतात आणि विचारतात, "दुसरं टोक धरू का?"