बिभीषणतात्यांची हाळी

"न्हाई कसं म्हणता ताई? पान तर आलंय की समदं!"

"पान आलंय, दादा. आवाज न्हाई आला."

"हे बघा, तात्यांचं नाव. हे खाली तुमीच लिवलेलं. हे दाबायचं बटण. मग दाबल्यावर कावून बोलंना?"

"लिहिलेलं एकीकडं साठतं, दादा. फोटो अन् आवाज दुसरीकडं. मी लिहिलेल्याची तेवढी नक्कल ठेवली होती."

"अन् दुसऱ्याची?"

"न्हाई ठेवली," धनश्री म्हणाली. रामकिसनने पुन्हा बटण दाबलं. फोटोच्या जागी रिकामी चौकट होती आणि तिच्याखाली एक गोल नुसता फिरत होता.

सिरसाळ्याच्या बाजारात, खताच्या दुकानावरच्या खोलीत धनश्री वेबसाइटी बनवायची. शहरात शिकून परत आलेली म्हणून लोक तिला 'साइटवाली' म्हणत. मंगल कार्यालयाची, पतसंस्थेची, एका पुढाऱ्याची अशा साइटी तिने मांडल्या होत्या. पुढाऱ्याची साइट वाढदिवसाला उघडायची, एरवी तिकडे कुणी फिरकत नसे. हौसेने केलेली साइट एकच, मेंढपाळांची. त्यासाठी ती माळावर गेली होती आणि रामकिसनच्या वडलांची, बिभीषणतात्यांची मेंढरं वळवायची हाळी तिने फोनवर धरून साइटवर घातली होती. तात्या लाजून लाल झाले होते. "आगं पोरी, ही हाळी मेंढरांची हाय. माणसं ऐकून काय करतील?"

गेल्या साली तात्या गेले. संध्याकाळी रामकिसनने घसा फोडून हाळी दिली, तर कळप वाघरीच्या जाळीबाहेर उभा राहून नुसता त्याच्याकडे बघत राहिला. शेवटी त्याने साइट उघडली, फोन वर धरला, बटण दाबलं. मेंढरं एकमेकांच्या अंगावर पडत आत शिरली. तेव्हापासून रोज तेच.

मधे त्याचा फोन भरून अडायला लागला, म्हणून तो तिच्याकडे घेऊन आला. त्यात तिनेच पूर्वी पाठवलेली हाळीची फाइल होती. धनश्रीनेच ती काढून टाकली. "साइटवर हाय ना, दादा. तिथून कुठं जातंय?" जिच्यावर हाळी धरली होती, तो तिचा स्वतःचा जुना फोन तर केव्हाच विकून झाला होता.

आणि मागच्या आठवड्यात पुढाऱ्याच्या माणसाचा फोन आला. "ओ मॅडम, सायबाच्या साइटवर जुगाराच्या जाहिराती नाचायल्यात! लोक हसायलेत ना!"

त्या साइटचा एक भाग तिच्याकडून अपडेट करायचा राहून गेला होता. तिथून कुणी तरी आत शिरलं, आणि सगळ्या साइटी एकाच होस्टिंगवर, भाड्याच्या एकाच जागेत, असल्यामुळे कीड सगळीकडे पसरली. पुढाऱ्याकडून शिव्यांवर शिव्या येत होत्या. घाबरून तिने सगळं पुसलं आणि नव्याने मांडायला घेतलं. आपण ठेवलेल्या नकलेत काय आहे, हे तिने कधी उघडून बघितलंच नव्हतं. होस्टिंगवाल्यांनी कळवलं, या स्वस्त योजनेत आम्ही काही राखून ठेवत नाही.

पुढाऱ्याचे फोटो मिळाले, ढिगाने मिळाले. कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये, फ्लेक्सवाल्याकडे, जिकडे तिकडे. हाळी मात्र एकाच जागी होती.

"दादा, तुमीच द्या ना हाळी," ती कशीबशी म्हणाली. "घेतील मेंढरं सवय."

"ती घेतीलच. पेंड दाखवली का येतेत आत. मेंढराचं काय न्हाई, ताई."

"मग?"

रामकिसन फोनकडेच बघत होता. "आई."

बायनाबाईंना धनश्रीने माळावरच पाहिलं होतं. जाळीपलीकडे दगडांच्या चुलीपाशी बसलेल्या.

"तात्याची हाळी आली का ती चुलीवर तवा टाकायची. तात्या होते तवाबी, अन् गेल्यावर ह्या फोनवरबी. कान तिकडंच. आता रोज चुलीत जाळ घालती अन् बसती. मी म्हणतो, आई, भाकरी? तर म्हणती, थांब की, अजून मेंढरं कुठं वळलीत. मेंढरं जाळीत असतेत, ताई. तिच्या म्होरं."

बाजारातला गलका खिडकीतून आत येत होता. धनश्री उठून उभी राहिली.

"तुमी त्यांना सांगितलं का दादा? का मी येऊ सांगायला? माझ्या हातून गेलंय ते. मी सांगते."

रामकिसनने शेवटचं एकदा बटण दाबलं, फोन कानाशी नेला. मग तो खिशात घातला, दाराशी टेकवलेली काठी उचलली.

"दादा? येऊ का मी?"

तो पत्र्याचा जिना उतरायला लागला होता.