लाल टेपचा पेला

नोकरीत मी सेफ्टी विभागात होतो. धोका शोधून काढायचा आणि तिथे पाटी लावायची, याचा मला पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर लखनौच्या इंदिरा नगरमधल्या घरात पाटी लावण्यासारखं काही उरलं नाही. मग आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि केमोचा पंप कमरेला आला. खोटं कशाला सांगू, पहिल्या भीतीतून सावरल्यावर मला कामावर पुन्हा रुजू झाल्यासारखं वाटलं.

पंप म्हणजे प्लास्टिकची एक बाटली आणि तिच्या आत औषधाने भरलेला फुगा. फुगा हळूहळू आकसत जातो आणि औषध नळीतून छातीत कातडीखाली बसवलेल्या पोर्टमध्ये शिरतं. दवाखान्यात तो जोडून देतात, दोन दिवस पाऊचमध्ये घालून घरी हिंडायचं आणि मग काढून घ्यायला परत जायचं. त्याला ना आवाज, ना दिवा. नळी दबू द्यायची नाही, बाटली सांभाळायची, बाकी आपल्याला काम काहीच नाही. हे माझ्या स्वभावाला झेपेना. मी सारखी बाटली उजेडात धरून फुगा बघायचो. बायको म्हणाली, दूध तापत ठेवल्यासारखं त्याच्याकडे बघू नका, तो उतू जाणार नाही.

बाजारात गेलो तर भाजीवाल्या भैयाने विचारलं की अंकल, कमरेला एवढं काय सांभाळून ठेवलंय. मी त्याला उभ्या उभ्या सगळा केमो समजावून सांगितला. त्याने पिशवीत कोथिंबिरीची मोठी जुडी टाकली आणि पैसे घेतले नाहीत. घरी येईपर्यंत मला ती कोथिंबीर श्रद्धांजलीसारखी वाटत होती. रात्री तिची चटणी झाली, ती मात्र मी चवीने खाल्ली.

पंप लावताना सिस्टरने मोजकंच सांगितलं होतं. औषध अंगातून बाहेर पडतं, म्हणून कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करा, घामाचे कपडे वेगळे धुवा, काही सांडलं तर हातमोजे घालून पुसा. एवढ्यावर थांबेन तर मी कसला सेफ्टीवाला. बाथरूमच्या दारावर मी लाल टेपची फुली मारली. बाल्कनीजवळची खुर्ची माझी ठरवली आणि तिथे दुसऱ्या कोणी बसायचं नाही असं जाहीर केलं. नात पाच वर्षांची, तिने खुर्चीसमोरच्या सतरंजीच्या कडेपलीकडे यायचं नाही. शेवटी माझा पेला आणि ताट यांनाही लाल टेप गुंडाळली आणि ती भांडी स्वयंपाकघराच्या खिडकीत वेगळी ठेवली. सुनेने दबक्या आवाजात विचारलं की पापाजी, हे डॉक्टरांनी सांगितलंय का. मी म्हणालो, डॉक्टरांना सगळंच सुचतं असं नाही.

नात सतरंजीच्या कडेवर उभी राहून बघायची. एकदा तिने आजीला विचारलं, "दादाजी हमसे कट्टी हैं क्या?" मी खुर्चीतूनच तिला सुरक्षित अंतर म्हणजे काय ते समजावलं. तिने शहाण्या मुलीसारखं ऐकून घेतलं आणि त्यानंतर ती कडेपर्यंतही येईना. वाईट वाटलं, पण तिच्या अंगात माझं विष जाईल या विचाराने माझी झोप उडाली होती. तिला काही होण्यापेक्षा ती रुसलेली बरी, असं मी स्वतःला सांगत होतो.

आई माझ्या नोकरीपायी वर्ध्याकडचं गाव सोडून लखनौला आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिला कमी दिसतं. सकाळी पाणी प्यायला गेली आणि खिडकीतला पेला तिच्या हाताला लागला. टेपवरून बोट फिरवत तिने हे काय म्हणून विचारलं. मी उत्साहाने सगळी व्यवस्था सांगितली, ताट कुठे, पेला कुठे, कोणी कशाला हात लावायचा नाही. सांगताना माझा आवाज जुन्या ट्रेनिंगमधल्यासारखा खणखणीत झाला होता.

आई पेला हातात धरून खाली बसली.

"आमच्या गावच्या हाटेलात आमच्यासाठी कपबशी बाहेर खिळ्याले टांगून ठेवत," ती म्हणाली. "आपली आपण धुवा लागे. माह्या बापानं तिले कधी हात लावला नाही. आपल्या घरात वेगळा पेला नाही राहणार."

आम्ही बौद्ध. हे मला लहानपणापासून माहीत होतं, विहारात कितीदा ऐकलं होतं, मुलालाही सांगितलं होतं. तरी स्वतःच्या हाताने टेप गुंडाळताना ते माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मला इतकी लाज वाटली की मी फुगा बघायचाही विसरलो.

बायकोने तोवर दवाखान्यात फोन लावला होता. सिस्टरने सांगितलं, भांडी नेहमीच्या साबणाने धुतली की चालतात. मुलं जवळ बसू शकतात, मांडीवरही, फक्त नळी ओढू देऊ नका. बाथरूमचे आणि कपड्यांचे नियम मात्र तसेच पाळा. मी फोन मागून घेतला आणि खुर्चीबद्दल विचारलं. सिस्टर म्हणाली की अंकल, कुर्सी पर आराम से बैठिए.

टेप मी नखाने सोलून काढली. आई तशीच समोर बसून होती. मी शेजारी बसलो तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"तू जायची तयारी करून राह्यला का?"

नातीसाठी करतोय, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मला माझीच व्यवस्था दिसली. वेगळी खुर्ची, वेगळं ताट, हाक मारली तरी लांबच राहणारी नात. मी नसलेलं घर मी आधीच मांडून ठेवलं होतं. मला रडू आलं. आईने मनगट सोडलं नाही.

"नाही माय," मी म्हणालो.

"मग पोरीले बोलाव," ती म्हणाली.