आमच्या कॉलेजला बोलावणं येणार होतं तेव्हा

मुलगी कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये गेली, तोपर्यंत मला खेळातलं काही कळत नव्हतं. मी इथे अमेरिकेत, बॉथेल नावाच्या गावातल्या एका बायोटेक कंपनीत लॅबमध्ये काम करते. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण नागपूरला इंजिनिअरिंग करताना तो संध्याकाळचा अभ्यास सोडून व्हॉलीबॉलच खेळायचा. मुलीच्या हातात बॉल त्यानेच दिला.

ती उंचीला माझ्यावर गेली, म्हणजे ठेंगणीच. नेटपाशी उड्या मारून स्मॅश मारायचं काम तिचं नव्हतंच. ती लिबेरो झाली. लिबेरो म्हणजे मागे राहून, समोरून सणसणत आलेला बॉल जमिनीला टेकू न देणारी खेळाडू. तिची जर्सी बाकीच्या मुलींपेक्षा वेगळ्या रंगाची असते, त्यामुळे मला ती लांबूनही चटकन सापडते. डोंगराच्या पलीकडे, राज्याच्या पूर्व भागातल्या एका मध्यम आकाराच्या कॉलेजने तिला स्कॉलरशिप देऊन घेतलं आणि आम्ही तिला तिथे पोचवून आलो.

इथे कॉलेजं गट करून आपसात खेळतात. त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. हल्ली या गटांची फोडाफोड चालली आहे. मोठी कॉलेजं टीव्हीच्या पैशांमागे एका गटातून उठून दुसऱ्या गटात जाऊन बसतात. मागे उरलेल्यांचा गट अपुरा पडतो, मग ते खालच्या गटांतून कोणाला वर घेता येईल ते बघतात. मुलीच्या दुसऱ्या वर्षी अशीच कुजबुज सुरू झाली, की एका वरच्या कॉन्फरन्सची नजर आमच्या कॉलेजवर आहे.

त्या छोट्या गावाला वेडच लागलं. दुकानांच्या काचांवर कॉलेजच्या रंगाची पोस्टरं लागली. तिला भेटायला गेलो की मोटेलच्या काउंटरवरची बाईसुद्धा विचारायची, "काय, काही कळलं का?" फुटबॉलचं स्टेडियम मोठं होणार, टीव्हीवर मॅच दिसणार, गावात नवी हॉटेलं येणार. नवरा ऑफिसात लंचला बसून हेच वाचायचा.

मुलगी फोनवर म्हणायची, "सगळे सुपर एक्सायटेड आहेत, आई."

"आणि तू?"

"ऑफकोर्स."

पण ते 'ऑफकोर्स' मला बरं वाटलं नाही. लहानपणी दात दुखत असताना 'नाही दुखत' म्हणायची, तसा तो आवाज होता. थोड्या दिवसांनी मी खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं. कोचने प्रत्येकीला वेगवेगळं बोलावलं होतं. हिला म्हणाली होती, वरच्या कॉन्फरन्समध्ये बॉल याच्या दुप्पट जोराने येतो, तुला तो झेपतो हे मला दिसलं पाहिजे. आता खेळाडूंना एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं सोपं झालंय, त्यामुळे बोलावणं आलं की कोच बाहेरून तयार लिबेरो आणणार, असं टीममध्ये सगळ्याच धरून चालल्या होत्या.

"मग तुझं काय?"

"मग मी बेंचवर. किंवा बाय-बाय." ती हसली. मला हसू आलं नाही.

त्या कॉन्फरन्सची माणसं कॉलेज बघायला ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी येणार होती. त्या दुपारी व्हॉलीबॉलची मॅच होती. जिम भरलेली दिसली पाहिजे, म्हणून आई-वडिलांनाही आग्रहाचं बोलावणं होतं. आम्ही सकाळीच निघालो. घाटात धुकं होतं आणि ट्रकमागून ट्रक येत होते. मी सीटची कड धरून बसले होते. नवरा म्हणाला, "अगं, ड्राइव्ह मी करतोय, तू कशाला ब्रेक दाबतेस?"

जिम खच्चून भरली होती. कोट घातलेली चार-दोन माणसं कॉलेजच्या प्रेसिडेंटशेजारी बसली होती आणि सगळ्यांचं अर्धं लक्ष त्यांच्याकडेच होतं. ते हसले की आजूबाजूची माणसंही हसायची. समोरची टीम तगडी होती. त्यांच्यात एक उंच मुलगी होती, तिचा हात वर गेला की माझे डोळे आपोआप मिटायचे. माझी मुलगी मात्र त्या दिवशी काही वेगळंच खेळत होती. जिथे बॉल तिथे ती. अंग झोकून द्यायची, घसरायची, उठायची. नवऱ्याला राहवत नव्हतं. "बघ, बघ, बॉल कुठे येणार ते कसं आधीच ओळखते ती!"

चौथ्या सेटमध्ये त्या उंच मुलीने मारलेला बॉल सरळ तिच्या कपाळावर आणि नाकावर बसला. तो आवाज आम्हाला वरपर्यंत ऐकू आला. ती मागे पडली आणि तिचं डोकं जमिनीवर आपटलं, असं मला वाटलं. नवरा म्हणाला, नाही, खांद्यावर पडली. टीमची ट्रेनर, म्हणजे खेळाडूंची दुखापत बघणारी बाई, धावत गेली. तिने काहीतरी विचारलं. मुलीने नाक चोळलं, हसली, अंगठा वर केला आणि उठून उभी राहिली. सगळी जिम टाळ्या वाजवत होती. कोटवाली माणसंही.

पुढचा सेटही ती खेळली आणि टीम जिंकली.

नंतर आम्ही तिला जेवायला घेऊन गेलो. अजून ऊन होतं. रेस्टॉरंटमध्ये ती खिडकीकडे पाठ करून बसली. नूडल्स मागवले, पण नुसते चिवडत राहिली. मग विचारलं, "आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं?" मी सांगितलं, छान झालं, मावशी आहे तिच्याजवळ. नवरा पुन्हा मॅचवर घसरला. थोड्या वेळाने तिने मान वर केली आणि अगदी त्याच सुरात विचारलं, "आई, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का गं?"

नवऱ्याचा चमचा तसाच हातात राहिला.

"आत्ताच सांगितलं मी तुला."

"ओह. राइट. सॉरी, थकलेय खूप."

मी म्हटलं, तुझ्या ट्रेनरला फोन कर. तिचा चेहरा एकदम बदलला. "नो. आई, प्लीज. उद्या सकाळी ते लोक प्रॅक्टिस बघायला येणारेत. कोच आज पहिल्यांदा मला 'गुड' म्हणाली. आता कन्कशन निघालं तर माझा सीझन संपला. मग तिला कारणच मिळेल."

नवरा हळूच म्हणाला, "रात्रभर बघू या का? झोपली की बरं वाटेल कदाचित. खेळात लागतंच गं."

मला त्याचा राग आला, पण त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्याइतकाच घाबरला होता. ते खरं नसावं, एवढंच त्याला हवं होतं.

आम्ही बाहेर येऊन गाडीत बसलो. गाडी सुरू केली नाही. मी मागे तिच्याशेजारी बसले. समोरच्या गाडीच्या काचेवरून ऊन डोळ्यांवर आलं तसा तिने हात आडवा धरला. मी म्हटलं, "तू कर, नाहीतर मी करते."

"तू केलास तर मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही."

"नको बोलूस."

मी फोन हातात घेतला होता. मला खरंच वाटत होतं की ही आता आयुष्यभर बोलणार नाही. तेवढ्यात ती पुढे वाकून नवऱ्याला म्हणाली, "बाबा, शेवटच्या सेटचा स्कोअर काय होता?"

त्याने सांगितलं.

"मला तो सेट आठवत नाहीये," ती म्हणाली. "अजिबात नाही. आपण कसे जिंकलो?" आणि ती रडायला लागली. मोठी झाल्यापासून तिला असं घाबरून रडताना मी पाहिलं नव्हतं. फोन शेवटी तिनेच लावला.

हॉस्पिटलमध्ये स्कॅन झालं. आत रक्तस्राव नव्हता, पण कन्कशन होतंच, मेंदूला चांगलाच धक्का बसला होता. प्रकाश नको, आवाज नको, फोन आणि लॅपटॉप तर नकोच. नवरा परत गेला, मी रजा टाकून तिच्या अपार्टमेंटमध्ये राहिले. पडदे लावलेल्या त्या खोलीत मी नुसती तिच्याकडे बघत बसायचे. ती जरा जास्त वेळ झोपली की जवळ जाऊन श्वास बघायचा. जागी झाली की काहीतरी निमित्त काढून विचारायचं, आज वार कोणता, काल आपण काय खाल्लं. तिलाही ते कळायचं. "आई, स्टॉप टेस्टिंग मी," म्हणायची. एकदा तिला 'कोथिंबीर' हा शब्द आठवला नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. खरं तर तो शब्द तिला एरवीही आठवत नसे.

कोच एकदा येऊन गेली. सूप घेऊन आली होती. चांगली वागली. पण पुढच्या वर्षाबद्दल ना ती काही बोलली, ना हिने विचारलं.

दिवाळी अशीच गेली. ती हळूहळू चालायला बाहेर येऊ लागली. आणि एके सकाळी माझ्या फोनवर नवऱ्याने बातमी पाठवली. तिला स्क्रीन बघायची परवानगी नव्हती. "काय आहे? वाच ना," ती म्हणाली.

मी वाचून दाखवलं. त्या कॉन्फरन्सने दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजला घेतलं होतं. आमच्या प्रेसिडेंटने लिहिलं होतं की आम्ही निराश आहोत, पण प्रयत्न सोडणार नाही.

ती छताकडे बघत पडून राहिली. खाली रस्त्यावर कोणीतरी मोठ्याने शिवी दिली, बहुधा त्यालाही आत्ताच कळलं असावं.

"मला बरं वाटतंय," ती म्हणाली. "इज दॅट टेरिबल? सगळ्या रडत असतील आत्ता. आणि मला श्वास घेता येतोय."

"नाही, टेरिबल नाही," मी म्हटलं. मलाही तेच वाटत होतं, पण ते मी बोलले नाही.

वसंतात डॉक्टरांनी तिला खेळायची परवानगी दिली. त्याच सुमारास कोच सोडून गेली. ज्या कॉलेजला बोलावणं आलं होतं, त्यांनीच तिला नेलं. नव्या कोचने मुलीला ठेवून घेतलं. तिच्याबद्दल मुलीने मला सांगितलं ते एवढंच: "ती म्हणाली, डोकं दुखलं तर आधी मला सांग, मग पुढचा बॉल."

या सीझनला आम्ही पुन्हा मॅचला जातो. नवरा आता ओरडत नाही, माझा हात धरून बसतो. समोरची खेळाडू उडी मारते तेव्हा मी डोळे मिटत नाही. मिटले तर काय झालं ते कळणार नाही, या भीतीने उघडेच ठेवते. गेल्या खेपेला मोटेलच्या बाईने सांगितलं की आणखी एक कॉन्फरन्स चौकशी करते आहे म्हणे. तिचा चेहरा उजळला होता. मी "हो का?" म्हटलं आणि खोलीची किल्ली घेतली. मुलीला अजून सांगितलेलं नाही. तिला माझ्या आधीच कळलं असेल.