तेहतिसाचा पाढा

शाळेत आम्हाला तिसापर्यंतचे पाढे शिकवले होते. त्यापुढचा एकच पाढा आमच्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना येत होता, तेहतिसाचा. तो माझ्या मोठ्या भावामुळे आला. १९८६-८७च्या सुमारास भाऊ इलेक्ट्रिशियन म्हणून मस्कतला गेला. तिथला एक रियाल म्हणजे आपले तेहतीस रुपये, एवढी एकच गोष्ट धरणगावात आमच्या गल्लीला परदेशाबद्दल कळली, आणि तेवढी पुरे झाली.

भावाचा पहिला ड्राफ्ट आला त्या दिवशी ओट्यावर बरीच मंडळी जमली होती. आबा, म्हणजे माझे वडील, हंगामात कापसाच्या जिनात कामाला जायचे. ते मुद्दाम धुतलेला सदरा घालून बसले होते. त्यांचे चुलतभाऊ नाना पलीकडेच राहत. हिशोबाचा मान नेहमी त्यांचा.

"ऐंशी रियाल पगार. ऐंशी गुणिले तेहतीस," नाना म्हणाले. "कितला व्हयनात रे कॉलेजवाला?"

"दोन हजार सहाशे चाळीस," मी म्हणालो.

कोणीतरी जिभेने टक् असा आवाज केला. कोणी म्हणालं, बँकेतल्या साहेबाला तरी इतका पगार असतो का? आबांनी त्या संध्याकाळी दोनदा चहा सांगितला. मलाही अभिमान वाटला, हे लपवत नाही. जळगावला माझ्या खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे त्याच ड्राफ्टमधून जाणार होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी मौद्रिक वेतन आणि वास्तव वेतन शिकवलं. हातात किती पैसे पडतात ते मौद्रिक वेतन, आणि आपण राहतो तिथल्या बाजारात त्या पैशांतून काय काय येतं ते वास्तव वेतन. बाकीच्या मुलांना हा परीक्षेतला पाच मार्कांचा प्रश्न होता. मी मात्र बाकावर ताठ बसलो. मस्कतला पिठाचा भाव काय असेल? खोलीचं भाडं काय असेल? दीड वर्ष होत आलं, आमच्या ओट्यावर हा प्रश्न एकदाही कोणी विचारला नव्हता. मीही विचारला नव्हता.

त्या शनिवारी पॅसेंजरने घरी आलो आणि ओट्यावर हे सगळं सांगायला बसलो. मला चारचौघांत धड बोलता येत नाही. शब्द अडतात, हात उगाच हलतात. तरी सांगितलं, की गुणाकार करण्याआधी तिथला खर्च वजा करायला पाहिजे.

नाना खळखळून हसले. "आबा, तुन्हा पोऱ्या जळगावले जाईसन वजाबाकी शिकना रे भो! आम्हना पोरे तर चौथीमाच शिकनात."

सगळे हसले. आबाही हसले. मी आत गेलो.

आत वहिनी भाकरी थापत होती. आई लवकर गेल्यामुळे घरातलं सगळं तिच्यावरच होतं. तिचं माहेर धुळ्याचं, दहावीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन दोन महिने होतात न होतात तोच भाऊ गेला होता. तिने ताट पुढे सरकवलं आणि ओट्यावर आवाज जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "भाऊजी, माले एकच सांगा. त्यास्ना पगारमा तठे दोन मानसे राहू शकतीन का?"

मी म्हणालो, "विचारून सांगतो."

पण विचारणार कसं? भावाचं पत्र आलं की आबा ते ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवत. नवऱ्याने बायकोला लिहिलेल्या दोन ओळीसुद्धा गल्लीच्या कानावर पडल्याशिवाय वहिनीपर्यंत पोचत नसत. त्यामुळे भाऊ काही लिहीतच नसे. मी बरा आहे, तुम्ही बरे असाल. वहिनीने मग तो रजेवर येईपर्यंत वाट पाहिली. तिच्या हातात दुसरं काय होतं?

दोन वर्षांनी भाऊ आला. मला आधी त्याची मनगटं दिसली, घड्याळ कोपराकडे सरकेल इतकी बारीक. बाकीच्यांना बॅग दिसली. ती पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर उघडावी लागली, कारण माणसं येऊन बसलेलीच होती. टू-इन-वन रेडिओ-टेप, दोन ब्लँकेटं, सेंटच्या बाटल्या, टॉर्च, साबण. नाना प्रत्येक वस्तू हातात घेऊन किंमत विचारत आणि तेहतिसाने गुणत. साबणाच्या वड्या संपल्यावर शेजारचे एक गृहस्थ रुसून गेले, त्यांची समजूत घालायला भाऊ रात्री त्यांच्या घरी जाऊन आला. वहिनीसाठी त्याने आणलेली साडी बॅगेच्या तळाशी होती. ती आबांनी उचलून माझ्या आत्याला दिली. घरच्या माणसाला काय, नंतर घेऊ, म्हणाले. भाऊ हसला. ते हसू मला अजून सहन होत नाही.

दोन दिवसांनी आम्ही दोघं जळगावला गेलो. स्टेशनबाहेर एक केळीवाला होता. भावाने अर्धा डझन घेतली आणि तिथेच उभा राहून चार खाल्ली.

"दोन वर्षांत एकही केळं विकत घेतलं नाही," तो म्हणाला. "हातात घ्यायचो, आणि पुन्हा ठेवायचो."

"का? भाऊ, तुझा पगार..."

"पगार! तूही गुणायला लागला का?"

मग त्याने सांगितलं. एका खोलीत आठजण, एकावर एक खाटा. स्वयंपाकाची पाळी. आठवड्यातून एकदा मासळी, तीही स्वस्त मिळाली तर. तीस रियालात स्वतःचं सगळं भागवायचं आणि पन्नास घरी पाठवायचे. चप्पल तुटली तर शिवायची.

मी घाबरतच वहिनीचा प्रश्न विचारला. 

"तिनं विचारलं?"

"हो."

"ऐंशीत नाही होणार. आणि तेवढ्या पगारावर बायकोला आणू देत नाहीत. पण परत गेलो की मला सुपरवायझर करणारेत. एकशेदहा मिळतील, मग कंपनीचा साहेब व्हिसाच्या कागदावर सही करायला तयार आहे. खोलीला पंचेचाळीस जातील. दोघांचं जेवण, गॅस, बसभाडं. भागेल. घरी पंचवीस पाठवता येतील. फक्त पंचवीस." मग म्हणाला, "आबांना तू सांग. तू शिकलेला आहेस. माझ्याच्याने नाही होणार."

म्हणजे ज्या माणसाने दोन वर्षं अख्खं घर पोसलं, त्याला स्वतःच्या पगारातून स्वतःच्या बायकोला जेवू घालण्यासाठी परवानगी हवी होती, आणि ती मागण्याची त्याची हिंमत नव्हती. मला त्याचा राग आला. पण त्याच्या मनगटाकडे बघून म्हणालो, सांगतो.

त्या संध्याकाळी घरी परतल्यावर मी आबांपुढे बसलो. नाना होतेच. भाऊ कोपऱ्यात मान खाली घालून. वहिनी आतल्या दाराआड उभी होती, भाकरी थापताना वाजणाऱ्या तिच्या बांगड्या थांबल्या होत्या म्हणून कळत होतं.

मी सुरुवात केली, "आबा, भाऊची बढती होणारे. एकशेदहा रियाल मिळतील, पण..."

"एकशेदहा!" नानांनी माझं पुढचं ऐकलंच नाही. "तीन हजार सहाशे तीस! आबा, स्लॅब टाकी दे आते. वरला मजलासुद्धा व्हई जाई."

आबांचा चेहरा उजळला. त्यांनी वर छपराच्या पत्र्याकडे पाहिलं. त्यांना तिथे स्लॅब दिसत होता.

"आबा, तो वहिनीला घेऊन जाईन म्हणतो," मी एका दमात बोललो. "तिथे दोघांना एकशेदहात जेमतेम भागतं. घरी पंचवीस येतील."



"पंचवीस?" आबा म्हणाले. "पन्नास येतस ते पंचवीस व्हतीन? पगार वाढस आनि घरना पैसा कमी व्हस? हाई कसं काय शे?"

"कारण तिथे खोलीला भाडं पडतं, आबा. पीठ विकत घ्यावं लागतं. तिथला पगार तिथे राहण्यासाठी असतो. आपण तो इथल्या भावाने मोजतो."

"बाईमानूस तठे जाईसन काय करी?" नाना म्हणाले. "भाकरीच थापी ना? मंग आठेच थापू दे. आठे पीठ स्वस्त शे." आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

 मी म्हणालो, "नाना, दोन वर्षं नवरा-बायकोने एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. याला काय भाव लावायचा ते सांगा. तेहतिसाने गुणा आणि सांगा."

"आवाज कमी कर," आबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, शांतपणे: "तुन्ही कॉलेजनी फी कथून येस, माहीत शे ना?"

हे खरं होतं. माझ्या पुस्तकातलं वास्तव वेतनाचं प्रकरणसुद्धा भावाने न खाल्लेल्या केळ्यांवर छापलेलं होतं.

"मग माझी फी बंद करा," मी म्हणालो.

"राहू द्या आबा," कोपऱ्यातून भाऊ म्हणाला. "तो लहान आहे. मी जातो एकटाच. स्लॅबचं बघू."

आत बांगड्या वाजल्या. थोड्या वेळाने भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला, नेहमीपेक्षा जोरात.

भाऊ रजा संपवून गेला. त्याला निरोप देऊन आम्ही आलो, आणि आठवड्याभरात वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, माले धुळाले पोहचाडी द्या." चार दिवसांसाठी माहेरी जायचं म्हणून आबांनी हो म्हटलं. पण तिने ट्रंक भरली होती. पारोळं मागे पडलं तशी एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी तुमच्या घरी नवऱ्यासाठी आले होते. नवरा नाही, तर स्लॅबखाली कोणासाठी राहू?" गावची बोली सोडून ती पुस्तकी मराठीत बोलली, जणू हे वाक्य तिने बरेच दिवस तयार करून ठेवलं होतं.

धुळ्यात तिच्या भावाची पिठाची गिरणी होती. तिने माझ्यासमोर त्याला सांगितलं, की नवरा न्यायला तयार होईल तेव्हाच इथून निघेन, तोवर गिरणीवर दळण घेईन. तो गडबडला. मला वाटलं तो तिला परत पाठवेल. त्याने फक्त विचारलं, "जेवली का?"

तिथे कोणी तिची पत्रं ओट्यावर वाचत नव्हतं. तिने मस्कतला काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण काही महिन्यांनी भावाने आबांना लिहिलं, की खोली घेतली आहे, साहेबाची सही झाली आहे. आबांनी तेवढं पत्र मोठ्याने वाचलं नाही.

वहिनी मस्कतला गेली. पुढच्या महिन्यापासून ड्राफ्ट निम्मा झाला. स्लॅबसाठी आणून ठेवलेली खडी पोरांनी खेळून गल्लीभर केली. मी जळगावात संध्याकाळी एका मारवाडी शेठच्या कापड दुकानात नोकरी धरली. घड्या घालायच्या, बिलं लिहायची. खोलीचं भाडं त्यातून निघू लागलं. घरी आलो की स्वयंपाक मीच करायचो. आबा माझ्याशी कामापुरतं बोलत.

आणि गल्लीने काय केलं? भाऊ कसा राहतो, दोघं काय खातात, हे तेव्हाही कोणी विचारलं नाही. एक नवीनच वाक्य सुरू झालं. सुनेनं पैसा खाल्ला. पाण्याच्या नळावर बायका म्हणायच्या, पानाच्या टपरीवर पुरुष म्हणायचे. दोन वर्षं सासऱ्याला गरम भाकरी वाढणारी ती बाई दूर देशात एका खोलीत नवऱ्याच्या समोर जेवायला बसली, एवढाच तिचा गुन्हा.

एका रविवारी नाना ओट्यावर आले. मी चहा दिला. त्यांनी बशीत ओतला आणि आबांना म्हणाले, "पंचवीस गुणिले तेहतीस, आठशे पंचवीस. बाकी बठ्ठा सून खाई गई ना भो?"

मला बोलायचं नव्हतं. घरी आलो की बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. पण मी दारातच उभा होतो आणि तोंडातून निघालं, "हो, खाल्ला. तिच्या नवऱ्याने कमावलेला पैसा तिने त्याच्या शेजारी बसून खाल्ला. पीठ विकत घेऊन, भाडं भरून खाल्ला. भाऊनेसुद्धा खाल्ला असेल, केळीसुद्धा खाल्ली असतील. तुम्हाला त्रास कशाचा होतो नाना? ते जेवले याचा?"

नानांनी बशी खाली ठेवली. आबांकडे पाहिलं, आता पोराला दटावा, अशा अर्थाने.

आबा पत्र्याकडे बघत बसले होते. त्यांनी मला दटावलं नाही. आत जा, असंही म्हणाले नाहीत. नाना अर्धा चहा तसाच ठेवून उठून गेले. मग आबांनी मस्कतबद्दल पहिल्यांदाच विचारलं, "तठे पाऊस पडस का रे?"

मी म्हणालो, फार नसावा.